वेल्डाच्या बग्गीची चाकं

शनिवार, २८ सप्टेंबर

पलंग आला! दवाखान्यातला — कळ दाबली की डोकं वर, दुसरी दाबली की पाय वर. दोघं जण आले, बैठकीच्या खोलीत मांडून गेले. सोफा शेडमध्ये गेला. वेल्डा म्हणाली, "चाळीस वर्षं सांगतेय तो सोफा हलव म्हणून. हलला एकदाचा." मी हसलो नाही. हसायला हवं होतं.

ही वही नर्सनं दिलीय. रोशेल तिचं नाव. सोमवार, बुधवार, शुक्रवार सकाळी येणार. वहीत मॉर्फिनच्या वेळा लिहायच्या. सकाळी आठ — पाच थेंब. दुपारी बारा — पाच थेंब. झालं लिहून. धान्याच्या कोठारावर एकतीस वर्षं नोंदवही भरली, अर्धं पान कोरं सोडायची मला सवय नाही. म्हणून हे.

संध्याकाळी म्हणते, "आर्लो, मला बग्गी करून दे."

मला वाटलं औषध चढलं.

"बेगर्स नाइटला मी व्हरांड्यात बसणार. म्हणजे हा पलंगच बाहेर न्यावा लागणार. पोरं पलंग बघून बिचकतील, विनोद सांगायचं विसरतील. पलंगाच्या भोवती बग्गी कर. काळी, भुताटकीची. आणि चाकं लाकडाची हवीत हं. पुठ्ठ्याची लावलीस तर मी पाऊल ठेवणार नाही."

जिला उठून संडासला जाता येत नाही, ती अटी घालते!

डॉक्टर म्हणाले होते, नोव्हेंबरचं काही सांगता येत नाही. आमच्या गावात हॅलोविनची पोरं तीस ऑक्टोबरला येतात, वेष करून, विनोद सांगून गोळ्या मागायला — तीच बेगर्स नाइट. बत्तीस दिवस.

सोमवार, ३० सप्टेंबर

प्लायवूड आणलं. एक बाजू कापून झाली. शेडमध्ये बरं वाटतं. करवतीच्या आवाजात दुसरं काही ऐकू येत नाही.

बुधवार, २ ऑक्टोबर

चाकांचा पत्ता नाही. शहरातल्या जुन्या वस्तूंच्या दुकानात फोन केला. जोडीचे साडेतीनशे डॉलर! "साहेब, खरी गाडीची आहेत," म्हणतो. म्हटलं, गाडी आणि घोडा पण देणार का सोबत? ठेवला त्यानं फोन.

वेल्डा एकेचाळीस वर्षं त्या व्हरांड्यात बसते. पोरानं आधी विनोद सांगायचा, मग टोपलीत हात घालायचा. इथं सगळीकडे तीच रीत, पण बाकीचे लोक अर्धं ऐकून गोळ्या टाकतात. ही पूर्ण ऐकते. दर वर्षी तेच विनोद, आणि ही दर वर्षी मांडीवर थाप मारून हसते. पोरांची नावं विसरते, विनोद विसरत नाही. दुकानात कुणी भेटलं की, "अरे, ती बघ — सांगाडा जेवायला का आला नाही वाली!" (पोटच नव्हतं त्याला. हा विनोद.)

मी त्या संध्याकाळी शेडमध्ये रेडिओ ऐकत बसतो. मला जमत नाही ते.

शनिवार, ५ ऑक्टोबर

चाकं मिळाली आणि फुकट! वीज कंपनीच्या यार्डात केबल गुंडाळायची लाकडी रिळं पडली होती. एक उचलून आणलं, दोन्ही बाजू सोडवल्या, घासून गुळगुळीत केल्या. खिडकीबाहेर धरून दाखवल्या.

मान डावीकडे, मान उजवीकडे. मग म्हणते, "ही चाकं नाहीत, टेबलं आहेत. आरे कुठायत?"

ट्वायला — तिची बहीण, दिवसाआड येते — म्हणाली, "चांगली तर आहेत." वेल्डानं तिच्याकडे असं पाहिलं की ती स्वयंपाकघरात निघून गेली.

बुधवार, ९ ऑक्टोबर

पशुखाद्याच्या दुकानात बागेत ठेवायची शोभेची चाकं आहेत असं कळलं. मी जायचं नंतर म्हणत होतो. वेल्डा म्हणाली, "आत्ताच जा. रोशेल आली आहे, आम्हा बायकांत तुझं काय काम? कुणीतरी उचलून नेईल." गेलो. अडतीस डॉलरची जोडी. लाकडाची, आऱ्यांची. आता बोल म्हटलं!

"बाहुलीच्या गाडीची आहेत रे. मी काय बाहुली आहे?"

परत नेऊन दिली. दुकानातली पोरगी विचारते, काही खराबी? म्हटलं, चाकात नाही.

सकाळी आठ — सात थेंब. बारा — सात. चार — सात. रोशेलनं वाढवले.

शुक्रवार, ११ ऑक्टोबर

काही नाही. पाऊस. दुसरी बाजू काळी रंगवली.

सोमवार, १४ ऑक्टोबर

गावापासून चाळीस मैलांवर एका शेताचा लिलाव होता. म्हातारा गेला, पोरं विकतायत. सकाळी दहाला सुरू होणार म्हणून वेल्डानं मला साडेआठलाच पिटाळलं. "उशिरा गेलास तर मागं उभा राहशील आणि तुला ऐकू येणार नाही."

तीन तास थंडीत उभा! आधी डुकरांच्या गव्हाणी, मग साखळदंड, मग त्या बिचाऱ्याचे बूटसुद्धा. बुटांना कुणी बोली लावली नाही. लिलाववाल्यानं ते तसेच बाजूला ठेवले आणि पुढं गेला. मला एकदम भरून आलं. बुटांवरून! शेजारचा माणूस म्हणाला, वारा आहे आज. हो म्हटलं, वारा आहे.

चाकं निघाली ती लोखंडी, गवत गोळा करायच्या यंत्राची. स्वस्त होती. घेतली नाहीत. तिनं काय म्हटलं असतं ते मला पाठ आहे आता.

घरी आलो तेव्हा ती झोपली होती. तोंड पांढरं. रोशेल अजून थांबली होती, म्हणाली, "आज जरा दमल्या." नऊ थेंब.

मंगळवार, १५ ऑक्टोबर

दिवसभर घरीच होतो. तिच्याजवळ खुर्ची घेऊन बसलो. काय बोलायचं? मका कापून होत आलाय म्हटलं. शेजारच्या लायलचं कापणीयंत्र बंद पडलं म्हटलं. तिनं ऐकलं. मग म्हणाली, "जा, दार बसव बग्गीचं." किती सुटल्यासारखं वाटलं! लाज वाटते लिहायला, पण वाटलं.

चर्चमधल्या बायकांनी अजून एक हॅम पाठवलं. फ्रीजमध्ये आता चार. ज्याला त्याला वाटतं माणूस हॅमनं बरा होतो.

शुक्रवार, १८ ऑक्टोबर

भांडलो. मरणाऱ्या बाईशी भांडलो मी.

झालं असं. नदीपलीकडं एक विधवा बाई राहते, तिच्या फाटकाला टेकवलेली चाकांची जोडी. खरी. लाकडी, वर लोखंडी धाव, बघण्यासारखी. साठ डॉलर म्हणाली. कशाला हवीत ते सांगितलं तर चाळीसला दिली, वर डबाभर चॉकलेटच्या वड्या. मी गाणं म्हणत आलो गाडीत. मी!

दोन्ही चाकं बैठकीत आणून तिच्यासमोर उभी केली. चिखल पडला गालिच्यावर, पडू दे. तिनं हात लावून पाहिलं. आऱ्यांवरनं बोट फिरवलं. बराच वेळ बघत राहिली. मला वाटलं, आवडली.

"बारा आरे," म्हणाली. "आमच्या बाबांच्या गाडीला चौदा होते."

माझं डोकं फिरलं. काय काय बोललो देव जाणे. म्हटलं, तुझ्या बाबांची गाडी गेली खड्ड्यात! म्हटलं, तीन आठवडे कुत्र्यासारखा फिरतोय, तुला काय चेष्टा वाटते? आरे कोण मोजणार आहे, सात वर्षांची पोरं? ट्वायला धावत आली. वेल्डा नुसती म्हणाली, "चौदाची मिळतील. तू शोधलंस तर मिळतील."

शेडमध्ये जाऊन बसलो. हातोडा फेकला, खिडकी फुटली. आता पुठ्ठा लावलाय.

शनिवार, १९ ऑक्टोबर

सकाळी माफी मागितली. "कशाची?" म्हणाली. तिचं हे नेहमीचं.

एकोणऐंशी साली आमचा मुलगा सहा दिवसांचा होऊन गेला. मी दुसऱ्या दिवशी कामावर हजर होतो. धान्य भरायचे दिवस होते, खरंय, पण कुणी बोलावलं नव्हतं मला. ती आठवडाभर एकटी होती त्या खोलीत. तिनं त्यावरून मला एक शब्द कधी ऐकवला नाही. ऐकवला असता तर बरं झालं असतं.

रविवार, २० ऑक्टोबर

आज सुचलं. आमिश! जुन्या वळणाची धार्मिक माणसं, वीज नाही, मोटार नाही. दक्षिणेला त्यांची वस्ती आहे, दीड-दोन तासांवर. अजून बग्गीतच फिरतात ते, चाकं करणारा कुणीतरी असणारच. इतके दिवस माझं डोकं कुठं होतं?

वेल्डाला सांगितलं. डोळे मिटूनच हसली. "बघ. तू शोधलंस तर मिळतील म्हटलं होतं."

सोमवार, २१ ऑक्टोबर

एनॉस हेल्मुथ. पन्नाशीचा असेल, दाढी, हाताच्या बोटांना भेगा. दुकान म्हणजे मोठं कोठार. वीज नाही, वरच्या खिडक्यांतून उजेड. चाकं भिंतीला टांगलेली, ओळीनं. मी उभा राहून बघतच राहिलो. एवढी चाकं! आणि मी केबलची रिळं घासत बसलो होतो.

नव्या चाकाला एकशे नव्वद. एकाला. मी टोपी घालायला लागलो.

"कशासाठी हवीत?" त्यानं विचारलं.

"शोभेला. हॅलोविनच्या."

त्याचं तोंड मिटलं. "आम्ही ते पाळत नाही."

"मी पण नाही," म्हटलं. खरंच आहे ते.

तो पुन्हा रंधा मारायला लागला. मी दारापर्यंत गेलो आणि तिथनं, कशानं कोण जाणे, सगळं सांगितलं. पलंग, व्हरांडा, पोरांचे विनोद, चौदा आरे. कुणाला एवढं सलग सांगितलं नव्हतं. माझी त्याच्याकडं पाठ होती म्हणून जमलं.

त्यानं रंधा खाली ठेवला. मग म्हणाला, "पलंग किती उंच आहे?"

सत्तावीस इंच. मला पाठ होतं.

मागं नेलं त्यानं मला. एका बग्गीची जुनी चाकं, मधल्या लाकडी तुंब्याला चीर गेलेली. रस्त्यावर चालायची नाहीत, पण उभी राहतील. आरे मोजले. एक, दोन, तीन... चौदा! मी पुन्हा मोजले.

"चार आरे सैल आहेत. पोरं हात लावतील, बसवून देतो. शुक्रवारी सकाळी या. पन्नास द्या दोन्हींचे." मग म्हणाला, "एक करा. माझ्या चाकांवर कवट्या लावू नका."

नाही लावणार म्हटलं. आणि हात पुढं केला. त्यानं माझा हात बराच वेळ सोडला नाही.

वेल्डाला सांगितलं. "चौदा?" म्हणाली. "नक्की मोजलेस?" दोनदा मोजले म्हटलं. तिनं माझी बाही धरली आणि तशीच झोपली. तासभर हललो नाही.

बुधवार, २३ ऑक्टोबर

बारा थेंब, दर तीन तासांनी. खाणं बंद. पाणी स्पंजनं ओठांना.

रोशेल आली तेव्हा वेल्डानं मला गॅसवर चढायची पायरी आणायला पाठवलं. म्हणजे बग्गीत चढायची. शब्द घसरतायत. मी पायरी आणली. लाकूड गिरणीत बरीच रांग होती.

गुरुवार, २४ ऑक्टोबर

बग्गी तयार. चाकं सोडून सगळं. दार उघडतं, मिटतं. छताला झालर लावली ट्वायलानं. खिडकीतून दाखवली. हसली.

सहा दिवस.

शुक्रवार, २५ ऑक्टोबर

सकाळी सहा — बारा थेंब.

जाऊ नये असं वाटत होतं. श्वास वेगळा होता. मध्येच थांबायचा, मग यायचा. म्हटलं, एनॉसला काय घाई आहे, सोमवारी जाईन. रोशेल अजून यायची होती, ट्वायला स्वयंपाकघरात होती. वेल्डानं डोळे उघडले. अगदी स्वच्छ बोलली, आठवड्यात बोलली नव्हती अशी. "जा. शुक्रवारी म्हणालाय ना तो? शब्द दिलाय त्याला. जा आर्लो."

"तू बरी आहेस?"

"मी बरी आहे. उजेड असताना परत ये."

साडेसातला निघालो. चाकं सुंदर झाली होती. एनॉसनं तेलाचा हात दिला होता. गोधडीत गुंडाळून ट्रकमध्ये ठेवली. त्याची बायको बाहेर आली, पाव दिला.

अंगणात आलो तेव्हा ट्वायला पायरीवर उभी. कोट न घालता. इंजिन बंद करायच्या आधीच कळलं.

दहा वाजून पाच मिनिटं. मी तेव्हा एनॉसच्या दारात चाक फिरवून बघत होतो.

शनिवार, २६ ऑक्टोबर

मी चाकं आणायला गेलो होतो. ती मेली आणि मी चाकं आणायला गेलो होतो.

सोमवार, २८ ऑक्टोबर

पलंग घेऊन गेले. गालिच्यावर चार खड्डे पडलेत.

मंगळवार, २९ ऑक्टोबर

दफन झालं. लोक बरेच होते. शेजारचा लायल म्हणाला, "तू तिच्यासाठी केलंस, आर्लो. सगळ्या गावानं पाहिलं तुला चाकांसाठी फिरताना." तोंडात मारल्यासारखं झालं. सगळ्या गावानं पाहिलं! ती पडून होती आणि मी गावभर फिरत होतो, हेच ना? पुन्हा शेड. पुन्हा तोच मी. एकेचाळीस वर्षांत एवढी एक गोष्ट करायची होती, बसायचं होतं.

बुधवार, ३० ऑक्टोबर

बेगर्स नाइट.

व्हरांड्याचा दिवा लावायचा नाही असं ठरवलं होतं. दिवा नाही म्हणजे या घरी यायचं नाही, पोरांना कळतं. शेडमध्ये जाऊन बसलो. रेडिओ लावला.

बग्गी मात्र व्हरांड्यात होती. दुपारी चाकं लावली होती मी. का ते विचारू नका. एनॉसची पन्नास डॉलरची, चौदा आऱ्यांची. आत काही नाही. प्लायवूड आणि झालर.

सहा वाजले. रस्त्यावर पोरांचा गलका. आमच्या फाटकाशी येऊन आवाज बारीक व्हायचा. आया सांगत असणार, श्शू, इथं नाही. पुढं जायचे. असं पाच-सहा वेळा. मग एक कुणीतरी पोरगी फाटकातनंच ओरडली, "भुताला खोटं का बोलता येत नाही?" तिची आई, "अगं!" आणि पोरगी, "आरपार दिसतं त्याच्या!"

बग्गीला ओरडून सांगत होती. वेल्डा आत आहे असं समजून की नाही समजून, मला माहीत नाही.

मी रेडिओ बंद केला. दिवा लावला. गोळ्या नव्हत्या! घरात हॅम होतं आणि नदीपलीकडच्या त्या बाईच्या चॉकलेटच्या वड्या फ्रीजरमध्ये. त्या काढल्या, तोडून तोडून दिल्या. पोरं आली. रांग लागली. मी खुर्ची घेऊन बग्गीशेजारी बसलो. प्रत्येकाचा विनोद ऐकला, पूर्ण. चेटकीण झाडूवरून का जाते — व्हॅक्युम क्लीनरची वायर पुरत नाही. हे असलं. एकही हसण्यासारखा नाही.

शेवटी एक चार वर्षांचा, वाघाच्या कपड्यात. "गाय," म्हणाला.

"गायीचं काय?"

"गाय आहे."

आणि स्वतःच लोळायला लागला हसून. मी पण हसलो. मग थांबता येईना, आणि ते हसणं राहिलं नाही. त्याची आई त्याला उचलून घेऊन गेली. माझ्या खांद्यावर हात ठेवून गेली आधी.

शनिवार, २ नोव्हेंबर

औषधाची उरलेली बाटली रोशेल घेऊन गेली, तशी पद्धत आहे. वही ठेवा म्हणाली.

गुरुवार, ७ नोव्हेंबर

ट्वायला आली होती, वेल्डाचे कपडे न्यायला. मी म्हटलं, चाकांच्या नादात शेवटी जवळ नव्हतो, हे मला आयुष्यभर पुरेल. तिनं घड्या घालायचं थांबवलं आणि सगळं सांगितलं.

वेल्डाला बग्गी नकोच होती. केबलची चाकं तिला आवडली होती. बाराची तर फारच. पडून पडून झालेली पाठीची जखम धुताना ती किंचाळायची, रस्त्याच्या कोपऱ्यापर्यंत ऐकू जायचं. रोशेलला सांगून ठेवलं होतं, आर्लो घरात असेल तर पट्टीला हात लावायचा नाही. "त्याला ऐकवणार नाही गं," म्हणाली होती. "त्याला हातात काम लागतं."

आणि पंचवीसची सकाळ? मी विचारलं. ट्वायला म्हणाली, "तुझा ट्रक वळला तसं तिनं मला हाक मारली. आता ये म्हणाली, माझा हात धर."

मी बसलो असतो, असं इथं लिहून दोनदा खोडलं. बसलो असतो की नाही, माहीत नाही. पण तिनं एकदा विचारायचं तरी होतं मला.